आधी थांबायचं, मग पळायचं

जुनी राजदूत ३५० ट्रॅकवर न्यायला तयार करतोय असं कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "इंजिनला काय केलंस?" ब्रेकचं काय केलंस, असं कुणी विचारत नाही. चिमट्याचे बुश कसे आहेत, हे विचारणारा तर मला अजून भेटायचाय. (भेटलाच तर त्याला माझ्यातर्फे मिसळ, एक्स्ट्रा पाव.)

आमच्या धंद्यातही हेच चालतं म्हणा. डेमोच्या वेळी नवीन फीचर बघायला सगळी मंडळी खुर्च्या ओढून बसतात. गडबड झाली तर मागे कसं यायचं, हा प्रश्न रिलीजच्या रात्री दोन वाजता आठवतो. गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार मी या गाडीत घातलेत. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये. जुनी गाडी ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे पॉवर वाढवायची, असं नसतं. एक पार्ट सुधारला की त्याच्यावरचा भार गुपचूप पुढच्या कमकुवत पार्टवर सरकतो. त्या भाराचा पाठलाग करत जायचं, बास. आणि हे सगळं अशा क्रमानं, की मोडलं तरी हाडं शाबूत राहतील.

ज्यांनी ही गाडी फक्त धुरावरून ओळखली असेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. यामाहाची आरडी ३५० जगात १९७३ ते १९७५ या काळात बनली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड, सहा गिअर. जपानी गाडीला ३९ हॉर्सपॉवर होती. आपल्याकडे एस्कॉर्ट्सनं तीच गाडी १९८३ मध्ये 'राजदूत ३५०' म्हणून आणली, पण पेट्रोल कमी प्यावं म्हणून तिला जरा शांत केलं. आधीची 'हाय टॉर्क' म्हणजे एचटी ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची 'लो टॉर्क' म्हणजे एलटी २७ ची. खर्च वाचवण्यासाठी पुढचा डिस्क ब्रेक जाऊन त्याजागी ड्रम आला. तरीही त्या काळात जिथे शंभर सीसीची गाडी म्हणजे चैन होती, तिथे ही म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत सोडलेला चित्ता. गाडी पळायची भन्नाट, थांबायची मात्र स्वतःच्या मर्जीनं. अनेक घरांत तिचं नाव काढलं की आजही आयांचे चेहरे बदलतात, ते उगाच नाही.

माझ्याकडची गाडी १९८६ ची एलटी. खरं तर माझी नाहीच, मामांची. कोल्हापुरात उद्यमनगरला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती कित्येक वर्षं उभी होती. ती पुण्याला न्यायची परवानगी मागितली तेव्हा मामांनी दोनच अटी घातल्या. "कापायचं काय न्हाई, टाकायचं काय न्हाई. बाकी तुझं तू बघ."

ऐकायला सोप्या वाटतात, पण या दोन अटींनीच माझं सगळं डिझाईन ठरवलं. चेसिसला वेल्डिंग नाही, कुठलाही ब्रॅकेट कापायचा नाही, एकही भोक पाडायचं नाही. जे लावू ते नट-बोल्टनं लागलं पाहिजे आणि नट-बोल्टनंच निघालं पाहिजे. आणि निघालेला प्रत्येक पार्ट लेबल लावून खोक्यात. सरकारलाही साधारण हेच हवंय. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. चेसिस आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणजे लोक काहीही म्हणोत, मामांची गाडी कागदावर व्हिंटेज होणार २०३६ मध्ये. मी आज ग्राइंडर फिरवला तर तेव्हा तिथे नुसतं एक जुनं इंजिन असेल, गाडी नसेल.

असो. आता कामाकडे.

सुरुवात ब्रेकपासून, कारण हिशोबच तसा आहे. गाडी साधारण दीडशे किलोची, मी आणि माझं हेल्मेट-लेदर धरून सत्तर. एकूण २२० किलो. सरळ रस्त्याच्या शेवटी १४० चा वेग आणि वळणात ६० चा, असं धरलं तर प्रत्येक वेळी ब्रेकला सुमारे १३६ किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. अर्धा लिटर पाणी ३० डिग्रीवरून ९५ ला न्यायला जेवढी उष्णता लागते तेवढी. म्हणजे दर मोठ्या वळणाला चार कप चहाचं आधण, तेही चार-पाच सेकंदांत, आणि त्यातलं तीन चतुर्थांश काम पुढच्या चाकावर. लॅपमध्ये असं तीन-चारदा, आणि लॅप दहा-बारा.

मूळचा पुढचा ड्रम तसा हुशार आहे. दोन्ही शू 'लीडिंग', म्हणजे चाक फिरताना ड्रमच शूला आणखी आत ओढतो आणि कमी ताकदीत जास्त ब्रेक लागतो. शहरात, एकदा-दोनदा जोरात दाबायला उत्तम. पण ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. आणि जो ब्रेक स्वतःचीच ताकद वाढवून घेतो, त्याची पकड थोडी कमी झाली की ब्रेक बराच कमी होतो. पहिल्या लॅपला वाघ, पाचव्या लॅपला मांजर. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ड्रमच लावणारे लोक शू लेथवर ड्रमच्या गोलाईला मिळवून घेतात, मऊ लायनर बसवतात, हवेसाठी जाळीचे झरोके पाडतात. पण झरोका म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे मामा.

म्हणून अख्खा पुढचा भागच बदलायचा ठरवलं. नाना पेठेत दोन रविवार घालवून एका नव्या गाडीचे जाड नळ्यांचे शॉकअप, डिस्कवाला स्पोकचा हब आणि कॅलिपर मिळवला. हबवर १८ इंची रिम विणून घेतली, कारण मूळ चाक १८ चं आहे. तिथे १७ लावलं तर पुढची बाजू बाराएक मिलिमीटर खाली बसते. एवढ्यानं स्टीअरिंगचा कोन साधारण अर्ध्या अंशानं उभा होतो. अर्धा अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण ट्रेल कमी होऊन हँडल चुळबुळ करायला लागतं. ताशी १४० ला चुळबुळ नको.

खरी गोम टी-स्टेममध्ये होती. नव्या टी चा दांडा चेसिसच्या नळीत बसेना, लांबीही वेगळी आणि बेअरिंगचा व्यासही. सोपा उपाय म्हणजे राजदूतचा मूळ दांडा दाबून काढायचा आणि नव्या टी मध्ये ठोकायचा. पण मग मूळ टी गेली कामातून. त्याऐवजी मामांनाच मापं पाठवली आणि त्यांनी नवीन दांडा टर्न करून कुरिअर केला. सोबत चिठ्ठी, "दोन पॉइंट टाईट ठेवलाय, तापवून बसव." (लेथवाल्यांचा एक पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आमच्याकडे दोन पॉइंट म्हणजे दोन दिवसांचं काम.) तापवून बसवला. तेलासारखा गेला. मूळ टी, शॉकअप आणि ड्रमचं चाक एकमेकांना जोडलेलंच आख्खं खोक्यात गेलं.

आणि इथून तो पाठलाग सुरू झाला.

ब्रेक लागायला लागला तशी गाडी नाकावर बसायला लागली. मग शॉकअपमध्ये कडक स्प्रिंग आणि जाड तेल. नाक थांबलं तर हँडलमध्ये ठकठक. जोरात ब्रेक लावला की सगळा धक्का कोनसेटवर येतो. मूळ कोनसेट सुट्या छर्‍यांचा, आणि इतक्या वर्षांत छर्‍यांनी वाट्यांमध्ये खळगे पाडलेले. त्याजागी टेपर रोलर बेअरिंग. पुढचं टोक घट्ट झालं तर मागचं टोक वळणात शेपूट हलवायला लागलं. चिमट्याचे मूळ बुश प्लॅस्टिकसारख्या मटेरियलचे, झिजून सैल झालेले. गनमेटलचे बुश टर्न करून घेतले, ग्रीस भरलं, शेपूट थांबलं. मग मागचे शॉकअप. मग टायर, कारण बाजारात सहज मिळणारं १८ इंची टायर पंक्चर न होता वर्षानुवर्षं चालावं म्हणून कडक रबराचं असतं, आणि आपल्याला नेमकं उलट हवं. मऊ रबराचं १८ इंची टायर मिळतं, पण बहुतेक वेळा बाहेरून मागवावं लागतं आणि किंमत ऐकून माणूस एकदम अध्यात्माकडे वळतो. टायरनं पकड दिली तशी गाडी जास्त झुकायला लागली आणि डबल स्टँड जमिनीला घासायला लागला. स्टँड काढला. खोक्यात.

बघा, अजून इंजिनला हात लागलेला नाही आणि गाडी निम्मी बदललीये. त्याच २७ घोड्यांवर.

इंजिनच्या बाबतीतही पहिला प्रश्न पॉवरचा नाही, ते जिवंत राहील का, हा आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलच्या वाफेबरोबर. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की एकाच वेळी दोन संकटं येतात, तापमान वाढतं आणि तेलही कमी पडतं. मग पिस्टन फुगून बोअरला चिकटतो. याला आपण 'गाडी सीझ झाली' म्हणतो. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगात झालं तर नशीब. वळणात झुकलेले असताना झालं तर बाकीचं वर्णन नको.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत याचं पहिलं कारण असतं क्रँकची ऑइल सील. रबर वाळतं, ओठ कडक होतात, तिथून जास्तीची हवा आत घुसते. वरून काहीच दिसत नाही, गाडी उलट जास्तच चपळ वाटते. त्यामुळे उस्तादांनी (नाना पेठेच्या मागच्या गल्लीत बसतात, पूर्ण नाव मलाही माहीत नाही) पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, आधी हवा कोंडा. पाइप-बिइप नंतर." म्हणजे कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत सहा पीएसआयएवढी हवा भरायची आणि गेज बघत बसायचं. चांगलं इंजिन ती हवा मिनिटांच्या हिशोबात धरून ठेवतं. आमच्या इंजिननं काही सेकंदांत सोडली. क्रँक उघडला, सगळी सील नवीन, परत कोंडली, टिकली. एवढ्या एका टेस्टसाठी तीन वीकेंड. पण ज्या दिवशी काटा जागचा हलला नाही त्या दिवशी मी जेवढा खूश झालो, तेवढा अप्रेझलला कधी झालेलो नाही.

दुसरं कारण पॉइंट. या गाडीला दोन सिलिंडरचे दोन वेगळे पॉइंट, दोन वेगळे टायमिंग. पिस्टन वर पोचायच्या साधारण दोन मिलिमीटर आधी ठिणगी पडली पाहिजे आणि ती डायल गेज लावून दोन्हीकडे जुळवायची. पॉइंटची टाच झिजत जाते तसं टायमिंग सरकतं, आणि दोन्हीकडे सारखं सरकेल याची हमी नाही. म्हणून ट्रॅकसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं, मूळ प्लेट जशीच्या तशी काढून ठेवली. तिसरी गोष्ट रीड. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मध्ये जे पातळ पाकळ्यांचे झडप असतात, ते मूळचे स्टीलचे. जुनी स्टीलची पाकळी तुटली तर थेट इंजिनच्या पोटात जाते. फायबरची पाकळी तुटली तरी तेवढा घात करत नाही, आणि हलकी असल्यामुळे उघडझाप पण पटकन करते.

एवढं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, पाइप. तेच ते फुगीर पोटाचे एक्स्पान्शन चेंबर, ज्याच्यासाठी सगळे जीव टाकतात. त्यातली कल्पना मात्र जाम सुंदर आहे. एक्झॉस्टमधून निघालेली दाबाची लाट पाइपच्या रुंद होणार्‍या भागात गेली की मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर साफ होतो. पुढे निमुळत्या भागावर आपटून तीच लाट परत येते आणि बाहेर सांडू पाहणारं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. एकही हलता पार्ट नाही, नुसत्या पत्र्याच्या आकारावर सगळा खेळ. पण लाटेचा प्रवास ठरावीक वेळेत होतो, त्यामुळे हा फायदा ठरावीक आरपीएमलाच मिळतो. खाली गाडी मठ्ठ, मग एकदम कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी. गावात अशी गाडी वैताग देते. शिवाय तो आवाज रस्त्यावर बेकायदेशीर आहे. ट्रॅकवर एकदम सही.

पाइप बदलला की कार्बोरेटरचे जेट बदलावेच लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. गाव बदललं तरी बदलावे लागतात, हे पटकन लक्षात येत नाही. आम्ही गाडी नेली ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. १९९० साली सुरू झालेला, ३.७ किलोमीटरचा. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, चेन्नई जवळजवळ समुद्राच्या पातळीला. पुण्यात दुपारी ३० डिग्रीला जमवलेलं जेटिंग तिथे पहाटे २४ डिग्रीला उघडलं, तर हवा सुमारे ९ टक्के घट्ट मिळते. कार्बोरेटर त्यातलं साधारण अर्धंच आपोआप भरून काढतो. बाकीचं अर्धं म्हणजे कमी पडणारं पेट्रोल, म्हणजेच कमी पडणारं तेल. म्हणून पहिल्या सेशनला मेन जेट मोठा टाकला. गाडी थोडी गुदमरली, धूर जास्त सोडला, मागे उभी असलेली पोरं खोकली. चालतं. सेशननंतर प्लग काढून बघायचा. पांढरा दिसला तर धोका, काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त, बिस्किटाच्या कडेसारखा खरपूस असेल तर देव पावला. आमचा दुसर्‍या सेशनला खरपूस आला.

तरी पूर्ण वेळ डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती. उस्तादांचा दुसरा नियम. आवाज बदलला असं वाटलं तरी आधी क्लच, विचार नंतर. आणि सरळ रस्त्याच्या शेवटी थ्रॉटल एकदम बंद करून इंजिनला घासत आणायचं नाही. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे तेल बंद, आणि आरपीएम मात्र अजून वरच. फोर-स्ट्रोक चालवणार्‍या माणसाची ही सवय मोडायला ब्रेक चांगले लागतात. आता कळलं ना, सुरुवात ब्रेकपासून का ते?

सरळ रस्त्यावर आजच्या दोनशे सीसीच्या गाड्या आमच्या बरोबरीनं होत्या. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ही गाडी चाळिशीला टेकलेली. मजा पहिल्या वळणाच्या आधी होती. दहाव्या लॅपलाही लिव्हर तेवढाच आत जात होता जेवढा पहिल्या लॅपला. सुमारे १२०० किलोमीटर टेम्पोतून गाडी नेऊन मला हवं होतं ते इतकंच.

तुमच्या शेडमध्ये असं काही उभं असेल तर क्रम एवढाच लक्षात ठेवा. आधी थांबणं, मग स्थिर राहणं, मग जिवंत राहणं, आणि पैसे आणि उत्साह उरलाच तर पळणं. आणि खोकं पहिल्या दिवशीच आणा.

गेल्या महिन्यात सगळं परत मूळचं लावलं. एक वीकेंड लागला, म्हणजे रोलबॅक चाललं. गाडी टेम्पोनं कोल्हापूरला नेली. मामांनी आधी चेसिसवरून हात फिरवला, टी च्या खाली वाकून वेल्डिंगची खूण शोधली, मग काही न बोलता किक मारली आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला निघून गेले. अर्ध्या तासानं परत आले. हेल्मेट काढलं, डबल स्टँडवर गाडी चढवली, आणि पुढच्या ड्रमकडे बघत म्हणाले, "ब्रेक हाय तसाच वाईट हाय. चांगलं केलंस."